तो केकाटत नाही, मग त्याला दुखते कसे म्हणायचे?

एका वाचक भगिनींच्या घरी साडेदहा वर्षांचा कुत्रा आणि तेरा वर्षांची मांजर आहे. गेल्या काही महिन्यांपासून कुत्र्याला सकाळी उठायला वेळ लागतो, जिना चढताना तो मध्येच थांबतो, कमरेला हात लावला की सरकून बसतो, आणि अलीकडे तो लहान नातीवर गुरगुरला. पशुवैद्यांनी त्याला चालवून पाहिले, पाय वाकवून आणि ताणून पाहिले, एक्स-रे काढला, खुब्याच्या सांध्यांची झीज झाल्याचे सांगितले आणि रोज देण्याची वेदनाशामक गोळी लिहून दिली. यजमानांचे म्हणणे असे की तो केकाटत नाही, पोटभर खातो, फिरायला जायचे म्हटले की शेपटी हलवतो, म्हणजे हे दुखणे नव्हे, म्हातारपण आहे. आणि थोडेफार दुखत असले तरी त्यामुळे तो धडपड कमी करतो हे बरेच आहे. भगिनींनी दुष्परिणामांविषयी वाचल्यामुळे गोळ्यांचे पाकीट अजून फोडलेले नाही. त्याऐवजी घरातली तापाची गोळी पाव भाग देऊन पाहा, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. मांजर हल्ली लिटर ट्रेच्या बाहेर लघवी करते, दिवसभर पलंगाखाली बसते, आणि तिचा स्वभाव बिघडला असे घरात सगळे म्हणतात. भगिनींचे प्रश्न दोन आहेत. ज्यांना बोलता येत नाही त्यांचे दुखणे डॉक्टर खरोखर ओळखतात की तो अंदाज असतो? आणि या वयात रोजचे औषध देऊन आपण त्याचे भले करतो की नुकसान?

प्रिय भगिनी,

सर्वांत आधी त्या तापाच्या गोळीविषयी लिहिते, कारण बाकीचे उत्तर तुम्ही सवडीने वाचले तरी चालेल. ती गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजरीला तिचा पाव भागही देऊ नका. माणसाचे यकृत ज्या मुख्य रासायनिक मार्गाने हे औषध निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकते, तो मार्ग मांजरीच्या यकृतात जवळजवळ बंद असतो. त्यामुळे औषधाचे रूपांतर विषारी द्रव्यात होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच जाते: हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. कुत्र्याचे शरीर हे औषध थोडे अधिक सहन करते आणि पशुवैद्य कधी कधी वजनानुसार मात्रा काढून ते वापरतातही, परंतु म्हणून ते घरच्या अंदाजाने देण्याचे औषध ठरत नाही. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यांपैकी एखादी गोळी दिली गेलीच असेल, तर लक्षणांची वाट न पाहता आणि घरी ओकारी काढण्याच्या भरीस न पडता, गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते. त्यांची कुत्र्यावर माया नाही असे तुमच्या पत्रातून कुठेही जाणवत नाही. बहुतेक घरांत हाच समज असतो की दुखत असेल तर जनावर ओरडेल. केकाटणे ही अचानक झालेल्या इजेची प्रतिक्रिया आहे. पंजावर कोणाचा पाय पडला, काटा रुतला, हाड मोडले, की कुत्रा केकाटतो. महिनोन्महिने ठसठसणाऱ्या सांध्यासाठी मात्र तो दिवसभर ओरडत बसत नाही. गुडघे दुखणारी माणसे तरी कुठे ओरडतात? ती जिना टाळतात, जमिनीवर बसायचे सोडतात, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतात आणि हळूहळू चिडचिडी होतात. प्राण्यांचेही नेमके असेच होते, आणि म्हणून दीर्घकालीन वेदनेचा शोध आवाजात घ्यायचा नसतो, जनावराने काय करायचे सोडले आहे यात घ्यायचा असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मधील आपली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा तिच्या स्पष्टीकरणात हे नि:संदिग्धपणे नमूद केले की शब्दांत सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक प्रकार आहे, आणि संवाद साधता न येणे याचा अर्थ माणसाला किंवा अन्य प्राण्याला वेदना होत नाहीत असा घेता येणार नाही.

पोटभर खाणे आणि शेपटी हलवणे हे पुरावेही तपासून घेऊ. तीव्र वेदनेत अन्न सुटते हे खरे, पण सांध्यांच्या जुन्या दुखण्यात भूक बहुधा शाबूत राहते. मोडलेला किंवा किडलेला दात तोंडात असतानासुद्धा कित्येक कुत्री आणि मांजरी एका बाजूने चावून ताटली स्वच्छ करतात, आणि दात काढल्यानंतर जेव्हा त्या पुन्हा खेळू लागतात तेव्हा कुठे घरच्यांना कळते की आधी काय चालले होते. शेपटीचे म्हणाल तर फिरायला जाण्याचा आनंद आणि खुब्यातील कळ या दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात एकाच वेळी असू शकतात. फिरायला निघतानाचा उत्साह पाहू नका; फिरून आल्यावर तासाभराने तो उठतो कसा, हे पाहा.

म्हातारपणाविषयीही असेच. वय वाढले की केस पांढरे होतात, झोप वाढते, वेग थोडा मंदावतो. पण उठताना दोनदा प्रयत्न करावा लागणे, पायऱ्यांवर थबकणे, स्पर्शाला अंग चोरणे, रात्री जागा बदलत राहणे, एकच सांधा चाटत बसणे, या खुणा वयाच्या खात्यावर टाकण्याआधी कोणीतरी तो सांधा हातात घेऊन पाहायला हवा. तुमच्या पशुवैद्यांनी ते केले आहे.

दुखते म्हणून तो कमी धडपडतो आणि ते बरेच आहे, या विचाराशी मात्र मी ठामपणे असहमत आहे. दुखणारा पाय कमी वापरला की मांडीचे स्नायू आटतात. स्नायू आटले की सांध्याला आधार राहत नाही. आधार गेला की झीज आणि दुखणे दोन्ही वाढतात. बसून राहिल्याने वजन वाढते, तो भार पुन्हा त्याच सांध्यावर येतो. याहून गंभीर गोष्ट मज्जारज्जूत घडते. महिनोन्महिने वेदनेचे संदेश येत राहिले की तेथील चेतापेशी अधिकाधिक संवेदनशील होत जातात, आणि मग आधी जो स्पर्श दुखत नव्हता तोही दुखू लागतो. अशी मुरलेली वेदना शमवणे सुरुवातीच्या वेदनेपेक्षा पुष्कळ अवघड असते. शस्त्रक्रियेच्या बाबतीत पशुवैद्य भूल देण्यापूर्वीच वेदनाशामक देतात ते याच कारणाने. शस्त्रक्रियेनंतर जनावराला शांत ठेवायचे असेल तर त्यासाठी पट्टा, बंदिस्त जागा आणि गरज पडल्यास गुंगीचे औषध असते. वेदनेकडून राखणदारी करवून घेऊ नये.

तुमचा पहिला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्या तपासणीत काय घडत होते ते जरा सविस्तर सांगते. कुत्रा दारातून आत येतो तेव्हाच तपासणी सुरू होते. बसताना तो दोन्ही मांड्या सारख्या दुमडतो की एक पाय बाजूला टाकतो. उठताना मागच्या पायांनी रेटा देतो की पुढच्या पायांनी सगळे अंग ओढून घेतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते आणि धड पाय टेकताना खाली येते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा कमरेचा भाग चालताना जास्त वरखाली होतो. पंजा नीट उचलला जात नसेल तर नखे पुढून घासलेली सापडतात. त्यानंतर हातांचे काम. जाणता पशुवैद्य न दुखणाऱ्या भागापासून सुरुवात करतो, दोन्ही मांड्या एकाच वेळी चाचपून कोणती बारीक झाली आहे ते पाहतो, आणि ज्या सांध्याचा संशय आहे तो शेवटी हाती घेतो. खुब्याचा सांधा मागे ताणताना त्याची नजर पायावर कमी आणि कुत्र्याच्या तोंडावर जास्त असते. इतका वेळ धापा टाकणारा कुत्रा एकदम तोंड मिटतो, ओठांवरून जीभ फिरवतो, मान वळवून त्या हाताकडे पाहतो, अंग ताठ करतो, वजन दुसऱ्या पायावर टाकतो. तीच हालचाल पुन्हा केल्यावर तेच उत्तर पुन्हा आले आणि दुसऱ्या बाजूच्या पायाने ते दिले नाही, तर त्याला अंदाज म्हणता येत नाही.

यापुढे जाऊन हे निरीक्षण आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीही आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा अपघाताच्या तीव्र वेदनेसाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेल्या श्रेणीत कुत्र्याचा आवाज, जखमेकडे लक्ष, चालणे, स्पर्शाला प्रतिसाद, मन:स्थिती आणि अंगस्थिती अशा सहा बाबींना गुण देतात. एकूण २४ पैकी ६ किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामक वाढवण्याचा विचार करायचा असतो. त्याच तपासणीसाठी कुत्र्याला चालवणे शक्य नसेल तर २० पैकी ५ ही मर्यादा धरतात. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनने वेदनेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२२ मध्ये ती सुधारली; ताप, नाडी आणि श्वास यांच्या जोडीला वेदनेची नोंदही प्रत्येक तपासणीत व्हावी, हा त्यांचा आग्रह आहे. नाडी वाढली म्हणजे दुखते, असे मात्र म्हणता येत नाही, कारण दवाखान्याच्या नुसत्या भीतीनेही नाडी वाढते. एक्स-रेलाही मर्यादा आहेत. चित्रात भयानक दिसणारा सांधा घेऊन एखादा कुत्रा मजेत पळतो, तर किरकोळ दिसणारी झीज दुसऱ्याला बेजार करते. म्हणून एक्स-रे हा हाताने आणि नजरेने मिळालेल्या माहितीच्या जोडीला वाचायचा असतो.

आणि या सगळ्यात सर्वांत मोलाचा साक्षीदार दवाखान्यात नसतो, घरी असतो. दवाखान्यात अनोळखी वासांनी आणि भीतीने कुत्रा इतका ताठरतो की घरी लंगडणारा तिथे सरळ चालून दाखवतो. म्हणूनच दीर्घकालीन वेदनेसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जी प्रश्नावली तयार झाली, तिची उत्तरे मालकांनीच द्यायची असतात: वेदना किती वाटते, आणि तिच्यामुळे चालणे, पळणे, उठणे, जिने चढणे, जीवनातला आनंद यांत किती अडथळा येतो. तुम्ही पत्रात लिहिलेल्या चारही गोष्टी, म्हणजे सकाळचे उठणे, जिन्यावरचे थांबणे, कमरेचा स्पर्श आणि गुरगुरणे, त्या प्रश्नावलीला हवी असते तशाच माहितीच्या आहेत. तुम्ही निदानाबद्दल साशंक आहात, पण त्या निदानाचा निम्मा पुरावा तुमच्याच पत्रात आहे.

नातीविषयी इथेच लिहिते. पूर्वी शांत असलेला कुत्रा उतारवयात गुरगुरू लागला की वेदनेची शंका पहिल्यांदा घ्यावी. गुरगुरणे ही सूचना आहे. त्यासाठी त्याला रागावले तर तो सूचना द्यायचे सोडेल आणि पुढच्या वेळी थेट चावेल. दुखणे आटोक्यात येईपर्यंत नातीने त्याला मिठी मारू नये, तो झोपलेला असताना जवळ जाऊ नये, आणि मोठे माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र ठेवू नये.

मांजरीचे प्रकरण कुत्र्यापेक्षा निसटते असते. मांजर शिकार करते आणि मोठ्या जनावरांची शिकारही होते. दुबळेपण दाखवणे तिला परवडत नाही, त्यामुळे ती दुखणे घेऊन लपते. दुखण्यात कित्येक मांजरी घुरघुरत बसतात, आणि तो समाधानाचा आवाज आहे असे समजून घरचे निश्चिंत होतात. अमेरिकेत १०० म्हाताऱ्या मांजरींच्या एक्स-रेंचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षांवरील त्या मांजरींपैकी ९० टक्के मांजरींत सांध्यांच्या झिजेच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या वैद्यकीय नोंदींत सांधेदुखीचा उल्लेख मात्र क्वचितच होता. प्रत्येक झिजलेला सांधा दुखतो असे नाही, हे वर म्हटलेच आहे. तरीही तेरा वर्षांच्या मांजरीचा स्वभाव बिघडला असा निष्कर्ष काढण्याआधी सहा गोष्टी पाहाव्यात: पळणे, वर उडी मारणे, खाली उडी मारणे, जिना चढणे, जिना उतरणे आणि हलत्या वस्तूच्या मागे लागणे. यांपैकी कोणती तिने सोडली आहे? खिडकीवर ती एका उडीत जाते की आधी खुर्ची, मग टेबल असे टप्पे घेते? पाठीवरचे केस गुंतलेले आहेत का? तिथे मान पोहोचत नसेल तर चाटून स्वच्छ करणे सुटते. ट्रेच्या बाहेर लघवी करण्याचे कारण पुष्कळदा एवढेच निघते की ट्रेची कड उंच आहे आणि ती ओलांडताना गुडघे दुखतात. एका बाजूने कड कापलेला, बुटका आणि मोठा ट्रे तिच्या झोपण्याच्या खोलीत ठेवून पाहा. मात्र लघवीची तपासणी टाळू नका, कारण मूत्राशयाचा दाह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांतही हेच घडते. ज्या वाचकांकडे बोका आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की तो वारंवार जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर ती तातडीची वेळ आहे; त्यात रात्र उलटू देऊ नये.

मांजरीच्या तीव्र वेदनेसाठी मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून गुण देण्याची एक पद्धत मांडली, आणि ती घरच्या माणसांनाही शिकता येते. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून दूर गेले आहेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंडाचा गोलावा ताणून चपटा झाला आहे का, मिशा सैल खाली वळण्याऐवजी सरळ पुढे ताठ आहेत का, आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली गेले आहे का: या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे, आणि बेरीज १० पैकी ४ किंवा अधिक आली तर वेदनाशामकाची गरज असल्याचे मानायचे. मांजर जागी आणि स्वस्थ असताना पाहायचे. झोपेत, खाताना किंवा अंग चाटताना गुण देऊ नयेत. शस्त्रक्रिया करून आणलेल्या मांजरीसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे, सांध्यांच्या जुन्या दुखण्यासाठी मात्र वरच्या सहा हालचाली अधिक सांगून जातात.

आता गोळ्यांची भीती. ती निराधार नाही, आणि ज्या पशुवैद्याने ती हसण्यावारी नेली त्याच्यापेक्षा तुमची सावधगिरी मला अधिक बरी वाटते. तुमच्या वर्णनावरून ही गोळी स्टेरॉइड नसलेल्या दाहशामक गटातील असावी. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही या गटातील रुळलेली औषधे आहेत. ज्या द्रव्यांमुळे सांध्यात दाह आणि वेदना निर्माण होते त्यांची निर्मिती ही औषधे रोखतात, परंतु त्याच कुळातील द्रव्ये जठराच्या आतल्या आवरणाचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवतात. धोका कुठून येतो हे एकदा समजले की काळजी कुठे घ्यायची हेही समजते. औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताची आणि लघवीची तपासणी करून यकृत व मूत्रपिंडांची स्थिती पाहावी, काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी आणि औषध दीर्घकाळ चालणार असेल तर साधारण सहा महिन्यांनी करत राहावी. गोळी अन्नाबरोबर द्यावी. कुत्र्याने खाणे सोडले, उलट्या किंवा जुलाब झाले, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा पाणी पिणे एकाएकी वाढले, तर पुढची गोळी न देता पशुवैद्यांना कळवावे. या गटातील दोन औषधे एकत्र देऊ नयेत आणि स्टेरॉइडबरोबर तर मुळीच देऊ नये. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किती दिवस सोडायचे तेही विचारून घ्यावे. कुत्र्याची गोळी मांजरीला कधीही देऊ नये, कारण मांजरीचे शरीर ही औषधे वेगळ्या गतीने हाताळते आणि तिच्यासाठी औषध, मात्रा आणि कालावधी तिन्ही वेगळे ठरवावे लागतात.

ही गोळी मानवलीच नाही तर मार्ग संपत नाहीत. गॅबापेंटिन चेतांशी निगडित वेदनेवर वापरतात. सुरुवातीला त्याने पेंग येते आणि तोल जातो. माणसांसाठीच्या काही द्रवरूप गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल ही गोडी असते आणि ती कुत्र्याला विषारी आहे, म्हणून बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय ते देऊ नये. ट्रॅमाडॉल पुष्कळदा लिहिले जाते, पण कुत्र्याचे शरीर त्यातून प्रभावी घटक फारच थोडा तयार करते, त्यामुळे सांधेदुखीत केवळ त्याच्यावर विसंबू नये असे माझे मत आहे. अलीकडच्या वर्षांत चेतावर्धक द्रव्याला (चेतातंतूंची वेदना वाढवणाऱ्या शरीरातल्याच एका प्रथिनाला) बांधून टाकणारी प्रतिपिंडांची इंजेक्शने आली आहेत, कुत्र्यांसाठी बेडिनव्हेटमॅब आणि मांजरींसाठी फ्रुनेव्हेटमॅब. ती महिन्यातून एकदा द्यायची असतात आणि गोळ्या न घेणाऱ्या मांजरींसाठी ही मोठी सोय आहे. तीही निर्धोक नाहीत: बेडिनव्हेटमॅबनंतर काही कुत्र्यांत तोल जाणे, झटके येणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये पशुवैद्यांना सावध केले. प्रत्येक औषधाचे असे बरे-वाईट असते. गोळी न देण्याचेही असते, आणि तुमच्या घरी ती किंमत सध्या कुत्रा मोजतो आहे.

मग निर्णय कसा घ्यायचा? वेदना आहे की नाही याची शंका उरते तेव्हा पशुवैद्य ठरावीक काळापुरते वेदनाशामक देऊन पाहतात आणि वागण्यात काय बदलते ते तपासतात. तुम्ही आणि यजमान यांच्यातील वाद मिटवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही. पण हा प्रयोग नीट करायला हवा. कुत्र्यांवरील औषधचाचण्यांत वारंवार असे आढळले आहे की औषध नसलेली गोळी दिलेल्या गटातील मालकांनाही आपला कुत्रा सुधारल्यासारखे वाटते. आशा डोळ्यांना फसवते. यासाठी पहिली गोळी देण्यापूर्वी तुम्ही दोघांनी मिळून तीन-चार नेमक्या गोष्टी लिहून काढा: सकाळी उठायला किती प्रयत्न लागतात, जिन्यावर तो कितव्या पायरीवर थांबतो, फिरताना कुठून परत वळतो, रात्री किती वेळा जागा बदलतो. त्याच वेळी मोबाइलवर त्याचे उठणे, जिना चढणे आणि समोरून, बाजूने, मागून चालणे यांचे छोटे व्हिडिओ घ्या. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा घ्या आणि दोन्ही शेजारी लावून पाहा. यजमानांना पाहू द्या. त्यांना काही सांगू नका. मांजरींच्या बाबतीत तर असेही दिसले आहे की औषधाने झालेली सुधारणा घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि औषध थांबवल्यावर ती पुन्हा अडखळू लागली की मगच फरक कळतो.

गोळीबरोबर करायच्या गोष्टींत वजनाला मी पहिले स्थान देते. जाड कुत्र्यांचे वजन ६ ते ९ टक्क्यांनी घटले तरी लंगडणे नजरेला दिसण्याइतके कमी होते. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोड्या करून, ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले, त्यांची सांधेदुखी उशिरा सुरू झाली आणि ती सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली. तुमच्या कुत्र्याच्या फासळ्या बोटांना सहज लागत नसतील तर त्याचे अन्न मोजून द्यायला आजच सुरुवात करा. गुळगुळीत फरशीवर त्याच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या सतरंज्या टाका, नखे कापलेली ठेवा, अंथरूण जाड आणि उबदार असू द्या. सुटीच्या दिवशी एकदम लांब फिरवण्यापेक्षा रोज थोडे थोडे, सारख्याच अंतराचे फिरवा. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा काही उपयोग दिसतो. ग्लुकोसामीनच्या बाजूचा पुरावा कमकुवत आहे, तेव्हा पैसा एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो तिथे करू नका.

उतारवयात रोजचे औषध देणे योग्य का, असे तुम्ही विचारता. औषधाने कदाचित त्याचे आयुष्य वाढणार नाही. पण उरलेली वर्षे तो उठताना कण्हत काढतो की नातीबरोबर अंगणात जाऊन काढतो, हे त्याने ठरू शकते, आणि माझ्या लेखी ते पुरेसे कारण आहे. पुढे कधी सगळे उपाय करूनही वेदना आवरेनाशी झाली, तर तेव्हाचा निर्णयही याच नोंदवहीतील नोंदींवरून घेता येईल.

सध्या करायचे ते एवढेच. रक्त-लघवीची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, व्हिडिओ आणि टिपण तयार करा, मग पशुवैद्यांनी लिहिलेल्या मात्रेने औषध सुरू करा आणि फेरतपासणीची तारीख आधीच ठरवून घ्या. मांजरीला कुत्र्याबरोबर त्याच फेरीत नेऊ नका. तिच्यासाठी वेगळी, कमी गर्दीची वेळ मागा, नेण्याची पेटी दोन-तीन दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा, आणि दवाखान्यात गेल्यावर ती आखडून बसते असे फोनवरच सांगून निघण्यापूर्वी द्यायचे भीती कमी करणारे औषध मिळेल का ते विचारा; तिच्या उड्यांचे आणि ट्रेमध्ये शिरण्याचे व्हिडिओ मात्र नक्की घेऊन जा, कारण तपासणीच्या टेबलावर ती यातले काहीच करून दाखवणार नाही.